पिनरमध्ये बत्तीस ख्वानांना बोलावणं

पिनर, मिडलसेक्स
१२ ऑक्टोबर १९८६

ती. विष्णुदादांना पिनरच्या जावयाचा, म्हणजे शशिधरचा, साष्टांग नमस्कार.

वहिनींचा दमा थंडीत कसा राहतो आणि आपली झोप सुधारली का, ते सविस्तर कळवावं. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर सुप्रभा बरी नाही. आई गेल्याचं तुमचं पत्र आलं तेव्हा तिकडे तेरावा होऊन गेला होता. बहीण परमुलखात एकटी, तिला धक्का बसेल म्हणून तुम्ही तार केली नाहीत. मायेनंच केलंत, हे मी जाणतो. पण तेव्हापासून ती रडलेली नाही, तुमचं नाव काढत नाही आणि जेवते ती माझ्या समाधानापुरती. (मी डॉक्टर असल्यामुळे टॉनिकं दिली. तिनं ती कुंडीत ओतली. आमचं जिरॅनियम भलतंच फोफावलं आहे.)

ती हाउन्सलोला कौन्सिलच्या वर्गात निर्वासितांना इंग्रजी शिकवायची, तेही सोडलं. मग तिथल्या खामफोनबाई दोन बस बदलून आमच्या दारात आल्या. बाई लाओसच्या. मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावणीत, तिथून इथे, आणि आता विमानात द्यायच्या जेवणाचे ट्रे भरतात. त्यांनी सुप्रभाकडे एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन निदान सांगितलं. त्यांच्यात म्हणे माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात. ख्वान म्हणजे जीवच म्हणा. मोठा धक्का बसला की त्यातले काही अंग सोडून भटकायला जातात आणि माणूस अर्धामुर्धा उरतो. त्यांना हाका मारून बोलवायचं आणि मनगटाला दोरे बांधून आत थोपवून धरायचं. मी शास्त्र शिकलेला माणूस, पण टॉनिकं हरली होती. हो म्हणालो.

गेल्या रविवारी मंडळी आली. खामफोनबाईंचे मामा तरुणपणी भिक्खू होते, ते मंत्र म्हणणार. केळीच्या पानांचा मनोरा लागतो. पिनरमध्ये केळ कुठली, म्हणून शेजारच्या कुंपणाची लॉरेलची पानं तोडली. (परवानगी नंतर घेतली.) त्यावर झेंडू, भोवती चिकट भात, उकडलेली अंडी आणि तांदळाच्या दारूऐवजी माझी व्हिस्की. दोरे आणायचं काम मी हौसेनं मागून घेतलं आणि तिथेच घोळ घातला. त्यांनी पांढरे सुती दोरे सांगितले होते. नुकतीच आई गेलेल्या बाईच्या हाताला कोरा पांढरा दोरा, हे माझ्या मनाला पटेना. मी सगळे हळदीत बुडवले आणि रेडिएटरवर वाळत घातले. मामांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. पांढराच हवा, तोच निर्मळ, असं खामफोनबाईंनी हळूच समजावलं. कुणी हसलं नाही, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. रविवारची दुकानं बंद. शेवटी माझ्या बॅगेतली बँडेजं काढली आणि आम्ही सगळे गालिच्यावर बसून त्यांचे धागे उसवत राहिलो.

मग मामा हाका मारू लागले. रानात असशील तर ये, नदीत असशील तर ये, छावणीत राहिला असशील तर ये. मध्येच थांबले. हिचे ख्वान कुठे गेले असतील, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं : सांगली, कृष्णेचा घाट, आईंचं माजघर. त्यांनी ते शब्द आपल्या चालीत घेतले. मग ते तिच्या मनगटाला दोरे बांधू लागले, तेव्हा ज्यांचा हात सुप्रभापर्यंत पोचत नव्हता त्यांनी पुढच्याच्या कोपराला हात लावला, असे आम्ही सगळे तिला जोडले गेलो. त्या परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून ‘माजघर’ ऐकलं आणि सुप्रभा रडली. दादा, मीही रडलो. मग तिनं अख्खं अंडं खाल्लं.

निघताना मामा काही बोलले, ते खामफोनबाईंनी मला इंग्रजीत सांगितलं.

“बाकीचे आले. एक तिकडेच अडलाय. त्या घरच्या थोरल्या माणसानं त्याला निरोप द्यायला हवा.”

घरातल्या सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

आपला,
शशिधर

ता. क. : वरचं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. पत्र पोचेल अशा बेतानं, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी ट्रंक कॉल लावतो. तारेचा खुलासा करू नका, तब्येत विचारू नका. लहानपणी मारायचात तशी तिला हाक मारा, आणि सुखानं जा म्हणा. मी हे लिहिलंय ते सुप्रभाला माहीत नाही.

पुन्हा ता. क. : माहीत झालं. तिकीट चिकटवायला म्हणून तिनं पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. ट्रंक कॉल नको म्हणते. फोनवर धड भांडता येत नाही, लाइन कटते. डिसेंबरमध्ये ती स्वतःच येते आहे. आधी तुमच्याशी भांडणार, मग तुम्ही तिला निरोप द्यायचा, असा क्रम ठरला आहे. स्टेशनवर मुलांना पाठवू नका. “दादा स्वतः दिसला नाही तर त्याच गाडीनं परत फिरेन,” असं म्हणाली आणि सुटकेस काढायला लॉफ्टमध्ये चढली. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा तिनं दादा म्हटलं.