रिकाम्या हातानं

२२ सप्टेंबर, सोमवार

मुलाखतीचं बोलावणं आलं! १६ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी साडेआठ. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीतच ईमेल वाचली. तीनदा. मग आत जाऊन मिस्टर कोवाल्स्कींचा गुडघा वाकवायला घेतला. ते म्हणाले, आज गुणगुणतेयस काय? मला पत्ताच नव्हता.

अठरा वर्षं झाली लोकांचे गुडघे, खांदे, पाठी हातात घेऊन. आधी नागपूरला, मग इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये. फिजिओ म्हणून हात माझे, पण काय झालंय हे ठरवणारे दुसरे. मला तेही ठरवायचं आहे. अर्जाच्या निबंधात हे सांगायला पाच हजार अक्षरं लागली. इथे एका ओळीत झालं.

सात मेडिकल कॉलेजांत अर्ज केला होता. दोघांनी नाही म्हटलं, चार गप्प आहेत. एकानं बोलावलं. शिकायला एकच लागतं.

२३ सप्टेंबर

आईंना सांगितलं. राकेशच्या आई, माझ्या सासूबाई. त्या मटार सोलत होत्या.

किती वर्षं, विचारलं. चार, मग पुढे ट्रेनिंगची तीन. त्यांनी मटाराच्या दाण्यांवर मोजलं. "म्हणजे तू डॉक्टर होशील तेव्हा मी भिंतीवर, फोटोत."

मग कसली डॉक्टर हे विचारलं. ऑस्टिओपॅथिक. सांगितलं की इथे हे पूर्ण डॉक्टर असतात — औषधं देतात, ऑपरेशनं करतात, सगळं एम.डी.सारखंच. शिवाय हातांनी तपासायचं, हातांनी बरं करायचं, ते यांना वेगळं शिकवतात. आई ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "म्हणजे हाडवैद्य. त्यासाठी अमेरिकेला यावं लागलं काय?"

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय त्यांनी. वर्गात कुणी जास्त हुशारी केली की असंच गप्प करत असणार.

२५ सप्टेंबर

संध्याकाळी आईंचा उजवा खांदा. मे महिन्यात आल्या तेव्हा हात कानापर्यंतही जात नव्हता. चहाचा डबा मी खालच्या फळीवर आणून ठेवला होता. आता तो दुसऱ्या फळीवर आहे — मीच मुद्दाम चढवला. त्यांच्या लक्षात आलंय.

"हात गार आहेत तुझे," एवढं बोलल्या. मी चोळून गरम केले.

२८ सप्टेंबर, रविवार

दीक्षानं माझी मुलाखत घेतली. डायनिंग टेबलाच्या पलीकडे बसली, बापाचा ब्लेझर घालून. पंधरा वर्षांची आहे, पण काय तो रुबाब!

मी छान बोलले असं मला वाटलं. तिनं कागदावर रेघा मारल्या होत्या. "मॉम, यू सेड सॉरी इलेव्हन टाइम्स." कशाबद्दल सॉरी? वयाबद्दल. उच्चारांबद्दल. एकदा तर पाणी पिण्याबद्दल.

आई सोफ्यावरून म्हणाल्या, माझ्याशी बोलताना कधी येत नाही गं हा शब्द.

सगळे हसलो. पण रेघा खऱ्या होत्या. आता एकही नाही. ठरलं!

५ ऑक्टोबर

राकेश मेक्सिकोच्या प्लांटवरून आला. महिन्यातले पंधरा दिवस तो तिकडेच. दोघं फिरायला गेलो, तेव्हा जे टाळत होतो ते बोललो. कॉलेज दोन तासांवर. पहिली दोन वर्षं सोमवार ते शुक्रवार मला तिथे राहावं लागेल. तो तिकडे, मी तिकडे — मग दीक्षाजवळ कोण?

"बघू," तो म्हणाला. त्याचं बघू म्हणजे त्यालाही सुचत नाही.

आईंना विचारावं असं दोघांच्याही मनात आलं, दोघंही बोललो नाही. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, पण दर वर्षी स्नो पडायच्या आत नागपूर गाठतात. यंदाचं तिकीट ३० नोव्हेंबरचं. आणि आल्या दिवशीच सांगून टाकलंय, हे शेवटचं. आता इतका वेळ विमानात गुडघे दुमडून बसवत नाही. तिकडे त्यांचा फ्लॅट, त्यांच्या मैत्रिणी, रोज सकाळी विहारात जाणं. कोणत्या तोंडानं विचारायचं?

आधी प्रवेश तर मिळू दे. पण मला मिळणार आहे. मला माहीत आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. खरा दिवस मंगळवारी, पण इथे सगळे सण शनिवारी येतात. साठ-सत्तर माणसं, वंदना, भाषणं, मग जेवण.

बातमी फुटली होती! दीक्षानं तिच्या मैत्रिणीला, तिनं तिच्या आईला, अपर्णाला. अपर्णा ताट घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, ग्रेट आहेस यार, पण आता मुलींची वेळ ना, आपली कशाला? मी हसून भात कालवला. उत्तर तयार होतं, पण त्याआधीच पलीकडून आई बोलल्या.

"अपर्णा, तू बावन्नची झालीस तरी मागच्या वर्षी झुम्बा सुरू केलास ना?"

अपर्णा वरण आणायला उठली. गाडीत मी आईंना थँक्यू म्हटलं. तर म्हणे, मी तुझ्यासाठी नाही बोलले, झुम्ब्यासाठी बोलले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज आईंनी पांढरी साडी नेसली. मेणबत्ती लावली, बुद्धासमोर आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर. मी कामावर जाताना वंदना चालू होती. एरवी पटकन आटपतात, आज डोळे मिटून बराच वेळ.

घरी आले तर घरभर संत्र्याचा वास! संत्राबर्फी. कॅलिफोर्नियाच्या संत्र्याला आंबटपणाच नाही म्हणून कुरकुरत केलेली. आई आणि दीक्षा आईंच्या खोलीत, दार लावून, फोनवर खटपट करत होत्या. विचारलं तर दीक्षा म्हणाली, "आजी'ज लुकिंग अप अ रेसिपी." चाळीस वर्षं करतायत ही बर्फी, आणि रेसिपी?

बर्फी कॉलेजच्या लोकांसाठी आहे म्हणे. मी नाही म्हणाले. आई म्हणाल्या, कुणाच्या दारात पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जातात काय? मी म्हटलं, मुलाखतीला तसंच जातात.

१५ ऑक्टोबर

पुन्हा नाही म्हणाले. पुन्हा विचारलं होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं लिहून ठेवते. विसरायचं नाही.

पहाटेच निघाले. हायवेला धुकं, दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं. करडा सूट, आईंनी इस्त्री केलेला. बारा जण होतो. अकरा जण माझ्या मुलीचे मोठे भाऊ-बहीण शोभतील असे. मला बघून एकानं विचारलं, पालकांची बैठक दुसऱ्या हॉलमध्ये आहे ना? मी म्हटलं, असेल, मला मात्र तुझ्या शेजारची खुर्ची दिली आहे. बिचारा कानापर्यंत लाल.

आधी लॅब दाखवली. ओळीनं टेबलं, तपासणीची. शिकवणाऱ्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, डॉ. हॉलोवे. त्यांनी आमच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवा, डोळे मिटा, काय कळतं ते सांगा. मुलं हाडांची, स्नायूंची नावं घेत होती. बरोबर घेत होती. माझ्या हाताखाली बावीस वर्षांची मुलगी होती, इला नावाची, डेट्रॉइटची. माझी पाळी आली. मी म्हटलं, हिनं श्वास धरून ठेवलाय. सकाळपासून धरलाय बहुतेक.

इला हसली आणि श्वास सुटला. हाताखालची सगळी पाठ खाली बसली. डॉ. हॉलोवे माझ्या टेबलापाशी थांबल्या.

मग मुलाखत. समोर दोघं, त्यातल्या एक डॉ. हॉलोवेच. आत्ताच का, असं विचारलं. सांगितलं. एकही सॉरी नाही! मग त्यांनी विचारलं, जिथे औषध संपतं तिथे तुम्ही काय कराल? याची तयारी केली नव्हती. तोंडातून आलं ते असं, की माझ्या सासूबाई म्हणतात कुठेही रिकाम्या हातानं जाऊ नये. मी अठरा वर्षं माणसांकडे रिकामे हात घेऊनच गेले. तेच तर न्यायचे असतात. तेव्हाही तेच नेईन.

दोघांनी लिहिलं. मला उलटं वाचता येत नाही, नाहीतर वाचलं असतं.

बाहेर आले. जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. गाडीची किल्ली काढायला बॅगेत हात घातला तर हाताला प्लास्टिकचा डबा. दह्याचा रिकामा डबा, धुतलेला, वर "प्लेन योगर्ट" लिहिलेलं, आत कागदावर कागद घालून संत्राबर्फी. आईंनी घातलाच!

गाडीत ठेवून घरी आणायला हवा होता. एवढंच करायचं होतं. मी मागे फिरले, ऑफिसच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, तुम्हा सगळ्यांसाठी, आमच्या गावची आहे.

१७ ऑक्टोबर

ऑफिसची ईमेल. अर्जदारांकडून कोणतीही भेटवस्तू स्वीकारता येत नाही. डबा परत पाठवत आहोत. निवड समितीला कळवण्यात आलं आहे.

कान तापले. मला हा नियम ठाऊक नव्हता असं नाही! आमच्या क्लिनिकमध्येही आहे. मिस्टर कोवाल्स्कींनी आणलेली चॉकलेटं मीच परत केली होती, किती गोड बोलून. काल मात्र मी पाहुणी झाले. पाहुणी नव्हतेच, अर्जदार होते.

आई विचारतायत, खाल्ली का त्यांनी? खाल्ली म्हटलं. आवडली म्हटलं.

१८ ऑक्टोबर

आईंचा खांदा केला. मान वळवून दोनदा बघितलं माझ्याकडे. हात खोटं बोलत नसावेत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कामावरून आले तर आई डायनिंग टेबलाशी, शाल पांघरून. समोर दह्याचा डबा. झाकणाची चिकटपट्टीही न काढलेला. शेजारी फोडलेलं खोकं, त्यावर कॉलेजचं नाव. इंग्रजी वाचता येतं त्यांना.

"आवडली म्हणालीस."

मी सगळं सांगितलं. समिती, नियम, नोंद. त्या डब्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही त्यांना. अडाणी सासूनं गुपचूप बॅगेत घातला म्हणून लिही."

"बत्तीस वर्षं शिकवलंत तुम्ही, आई."

"ते नको लिहू."

मला हसू आलं, त्यांना नाही आलं. दोन तुकडे बशीत काढले. कडक झाले होते. चहात बुडवून खाल्ले आम्ही.

२५ ऑक्टोबर

पत्र पाठवलं. चार ओळी. बर्फी घरच्यांनी मायेनं दिली होती, काउंटरवर ठेवली मी. नियम मला माहीत होता. चूक माझी. सॉरी.

पाठवण्याआधी दीक्षाला दाखवलं. शेवटच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "धिस वन यू कॅन कीप."

३ नोव्हेंबर

काही नाही.

११ नोव्हेंबर

काही नाही. तरी मला वाटतं होणार. आधी वाटायचं ते वेगळं होतं, त्यात थोडी मिजास होती. आता वाटतं ते त्या पाठीमुळे. श्वास सुटला होता. तो मी सोडवला होता. तो कुठल्या फायलीतून खोडता येणार नाही.

आईंनी आज चहाचा डबा स्वतः तिसऱ्या फळीवर ठेवला. मी बघितलं. 

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मिळाला! मिळाला, मिळाला.

फोन खुद्द डॉ. हॉलोवेंचा. मी क्लिनिकच्या स्टोअररूममध्ये, टॉवेलांच्या ढिगाऱ्याशी उभी. आधी अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, डब्यावरून समितीत बराच वाद झाला, शेवटी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. आणि मग — "आता तुम्ही अर्जदार नाही. डबा पुन्हा आणायला हरकत नाही."

राकेशला फोन केला, मेक्सिकोत. तो रडला. मी नाही रडले. मग त्यानं नाक पुसून विचारलं, दीक्षाचं काय करायचं?  महिनाभरात हो की नाही कळवायचंय. इतकी मोठी जागा मिळाली, आणि घरातली एक खुर्ची रिकामी पडतेय.

आईंना सांगितलं. बरं झालं, म्हणाल्या. कधी सुरू? ऑगस्टमध्ये.

"ऑगस्टमध्ये धड संत्री मिळत नाहीत," एवढं म्हणून कणीक मळायला गेल्या.

२० नोव्हेंबर

आईंसाठी व्हीलचेअर आणि कडेची सीट मागायला एअरलाइनची साइट उघडली. बुकिंग सापडेना. नंबर चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला. तिकीट रद्द आहे. प्रवाशानं स्वतः केलंय. तारीख — १४ ऑक्टोबर.

दार लावून शोधलेली ती रेसिपी.

आई खिडकीशी उभ्या आहेत. बाहेर पहिला स्नो. हा किती दिवस टिकतो, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एप्रिलपर्यंत.

"मग जाड मोजे आण."