अर्धी साक्ष

आप्पा, परवा मी मंडपात माईकसमोर उभी राहिले. चार बायकांत बोलायची वेळ आली तरी जिच्या तळहाताला घाम फुटायचा, ती तुमची मुलगी. बोलून खाली उतरले ती तिथं थांबले नाही. भीती नव्हती ती, किळस होती. घरी येऊन पुन्हा पुन्हा चूळ भरली तरी तोंडाची चव गेली नाही. हे ज्याला सांगावं असं माझं माणूस आता उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही असतात तर इथंच मला अडवलं असतं. "आधी कुठं, कवा, कोनासमोर ते सांग, मग काय रडायचं ते रड." तसंच सांगते.

तुमचे जावई गेल्या वर्षी गेले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि त्यांना साखरेचाच आजार जडला. "पोत्यानं नेता येईना म्हणून रक्तातून घरी नेतो काय रे?" असं सोबतचे म्हणायचे, आणि हेही त्यांच्यासोबत हसायचे. तुमची नात नगरला नर्सिंग शिकते. तिनंच त्यांना पोटाला सुई टोचायला शिकवलं. घरात फ्रिज नाही, म्हणून औषधाची बाटली स्टीलच्या डबीत घट्ट बंद करून ती माठाच्या पाण्यात सोडायची. माठात ओगराळं घातलं की डबीला लागून टक्क वाजायचं. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती, आणि सगळं बरं चाललं होतं.

मग तो तेलवाला आला. त्याला पाळक, पाद्री म्हणायला माझी जीभ वळत नाही. शेवगाव रस्त्यावरच्या मोकळ्या रानात त्याचा मंडप पडला, पांढरी सफारी घालून तो जीपमधून उतरला, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या असतात तेवढ्या बाटल्यांतून अत्तर घातलेलं खोबरेल वाटत फिरला. अर्पणाची थैली मागोमाग फिरत होतीच. त्यानं ह्यांच्या टाळूवर तेल थापलं आणि माईकवर म्हणाला, "आता सुई टोचाल तर औषध नाही टोचणार, अविश्वास टोचाल." दुसऱ्या दिवशी ह्यांनी माठातली डबी काढून कोनाड्यात ठेवली. मी भांडले. पोर सुट्टी काढून आली, रडली, "पप्पा, तेल लावायचं तेवढं लावा, पण सुई घ्या," म्हणाली. हे म्हणाले, "दोन धनी कशाला करू?" आणि आप्पा, खरं ते सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना खरंच हलकं वाटलं. चेहरा उजळला होता. घोडेगावच्या बाजाराला जाऊन एक शेळी घेऊन आले, तिला दारात बांधली आणि "बघ, म्हातारा झालो का मी?" म्हणाले. नंतर टाच सुजली. मग पाय काळा पडला. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच डबी बाहेर काढली होती.

मातीला तेलवाला आला नाही. निरोप आला, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." घरात आम्ही दोघंच होतो. त्यांचा तर कमी पडला नव्हता. त्याच्या तेलाची उरलेली बाटली अजून माझ्याकडं आहे. मागच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला ते लावलं. कुरकुर थांबली. तेवढा एक चमत्कार माझ्या डोळ्यांदेखत झाला.

आता परवाचं. तोच मंडप पुन्हा पडला. आदल्या दिवशी सकाळी आपल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे सेक्रेटरी घरी आले. मी तांदूळ निवडत होते, पोरही सुट्टीला आलेली होती. उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, उद्याच्याला तुमची साक्ष ठेवलीय."

"कशाची?"

"दादांना तेलानं फरक पडला हुता, त्याची."

"ते वारले, सेक्रेटरी. पेटीला तुम्हीच खांदा दिला."

"ते पुढचं झालं. फरक पडला हुता का न्हाई? घोडेगावास्नं शेळी आनली का न्हाई? बास, तेवढंच सांगायचं. आमी कुटं खोटं बोला म्हंतोय? लोकांचा विश्वास वाढतो वो. भायेरचे लोक बघत्यात आपल्याकडं, मंडळीच्या अब्रूचा सवाल हाय."

ते गेल्यावर पोर म्हणाली, "देशील तू साक्ष. सगळेच देतात. दोन हजार वर्षांपूर्वीही असंच झालं असेल, आई. कुणीतरी म्हणालं, तो उठला. बाकीचे म्हणाले, हालेलुया. मला नाही यायचं आता ईस्टरला. प्रभुभोजनही नको." हे ती चिडून बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती कपडे वाळत घालता घालता बोलली. त्या तेलाबरोबर पोर ख्रिस्तालाही उकिरड्यावर टाकत होती, आणि तिला दोष देता येईल असं तोंड मला नव्हतं. ज्यांनी बाप नेला, त्यांच्याच तोंडून तिनं ख्रिस्ताचं नाव सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं.

आप्पा, तुमच्या तोंडी साक्ष हा शब्द काय होता ते मला त्या दिवशी आठवलं. आता आमच्यात साक्ष म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये माईकवर सांगायची गोष्ट. पोट दुखत होतं, थांबलं, टाळ्या. तुमच्याकडं ती घराण्याचं काम म्हणून आलेली होती. गाव आपल्याला शिवून घ्यायचं नाही, पण शीव सांगायला आपलंच माणूस लागायचं. दोन गावांचा वाद पेटला की आपल्यातला जाणता म्हातारा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा, आणि तो चालेल ती हद्द. मी लहान आहे, तुमचं बोट धरून बांधावर उभी आहे. तुम्ही म्हणताय, "ढेकूळ न्हाई घ्यायचा मी. ती देवीची आन झाली, आमी आता ख्रिस्ताचे. तसाच चालतो, पटलं तर बगा." कुणीतरी ओरडतं, "बाटग्याच्या पायाला कसली आलीय शीव?" तुम्ही चाललात. ज्याच्या खळ्यावर राबून आपल्या घरात धान्य यायचं, त्याच्याच रानातून हद्द गेली. त्या वर्षी धान्य आलं नाही. चावडीमागं तुम्हाला धरून मारलं, "चुकलो म्हन" म्हणाले, आणि तुम्ही म्हणाला नाहीत. आई हळद लावत होती, शिव्याही देत होती. तुम्ही मला म्हणालात, "लबाड मानूस फायदा असतो तवर टिकतो. मार सुरू झाला की त्यो खरं वकतो. ख्रिस्त मेलेल्यातनं उठला म्हननाऱ्या त्या बारा शिष्यांचं तेच बग. काय घावलं त्यान्ला? फटकं, तुरुंग, मरान. तरी एकबी म्हनला न्हाई, आमी रचलं हुतं."

मला सातवीपर्यंतच शाळा. पुढं रविवारच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली, वाळवी लागलेलीसुद्धा. पण ह्या वाक्याहून धड काही मला कुठं सापडलं नाही. आणखी एक. मी विचारलं होतं, दर रविवारी चर्चमध्ये 'मी विश्वास धरतो' म्हणताना ख्रिस्ताला क्रुसावर देणाऱ्या त्या पिलात सुभेदाराचं नाव कशाला घ्यायचं, तो तर वाईट ना? तुम्ही हसलात. "आपन म्हंतो का न्हाई, अमक्या मामलेदाराच्या वक्ताला दुष्काळ पडला? तसं हाय ते. आटपाट नगरातली कहाणी न्हाई ही. कोनाच्या अमलात झालं, ते नावानिशी सांगायचं." नंतर मी वाचलं की आपल्या ख्रिस्ती लोकांचा तिरस्कार करणाऱ्या एका रोमी इतिहासकारानंही लिहून ठेवलंय, ख्रिस्त नावाचा एक माणूस होता आणि त्याच सुभेदाराच्या अमलात त्याला मारलं. वाटलं, तुम्हाला दाखवावं. विरुद्ध पक्षाकडूनच कबुली मिळाली.

लोकही असे शहाणे. गिरणीत दळण ठेवलं की पुढची बाई पदर आवरून घेते आणि म्हणते, "तुमचं काय बाई, मिशनच्या दूध पावडरवर बाटलेले." पूर्वी मान खाली घालायचे. हल्ली सांगते, बाई, आमच्या आजाची गावची भाकर बाप्तिस्म्यानं सुरू नाही झाली, बंद झाली. पावडर आली तोवर आम्ही तीन पिढ्या उपाशी राहून ख्रिस्ती होतो. तिला ते पटत नाही. पण मला तिची एवढी शिसारी येत नाही, जेवढी सेक्रेटरींची येते. ती बाहेरून थुंकते. हे आतून थुंकी लावून चकाकी आणतात.

मी गेले मंडपात. संध्याकाळची वेळ, पोर मागच्या बाजूला खांबाला टेकून उभी. मी म्हणाले, "माझ्या मालकांना तेलानंतर थोडे दिवस बरं वाटलं, हे खरं आहे. त्यांनी घोडेगावहून शेळी आणली, हेही खरं आहे." टाळ्या पडल्या. तेलवाला डोळे मिटून डोलत होता. "मग ते वारले," मी म्हणाले. "ह्या माणसाच्या सांगण्यावरून सुई सोडली म्हणून वारले." माईकचा आवाज गेला. मी तशीच बोलत राहिले, पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल, तोवर ढोलकी सुरू झाली. उतरताना एक बाई म्हणाली, "नवरा गेला न् हिच्यात सैतान शिरला." सेक्रेटरींनी माझ्याकडं पाठ केली. तेलवाल्याचं काही बिघडलं नाही, आप्पा. पुढच्या गाण्यात तो हात वर करून नाचला, आणि लोक त्याच्यापुढं डोकी वाकवत रांगेत उभे राहिले.

पोर माझ्यासोबत घरी निघाली. मग म्हणाली, "तुझा माईक बंद केला त्यांनी. तेव्हाही असंच झालं असेल. खऱ्याचा बंद केला असेल, आणि शास्त्रात उरलं ते ह्यांच्यासारख्यांचं."

मी म्हणाले, "उरलंय काय ते बघ ना. तेलवाल्यानं लिहिलं असतं तर स्वतःला कुठं उभं केलं असतं? तिथं मुख्य शिष्य एका मोलकरणीपुढं शपथ घेऊन म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. बाकीचे पळाले. कबरेवर गेल्या बायका, ती रिकामी पहिल्यांदा पाहिली त्यांनीच. त्या काळी बाईच्या शब्दाला न्यायसभेत किंमत नव्हती. आपल्याकडं पंचनाम्याला घेतात का मला? गोष्ट रचायची असती तर कबरेपाशी एखादा पाटील उभा केला असता. आणि त्यांच्याच पुरुषांना ती बायकांची बडबड वाटली, हेसुद्धा लिहून ठेवलंय. हँडबिल छापणारा असं छापतो का?"

ती थोडी हसली. मग म्हणाली, "लोक खोट्यासाठीही मरतात, आई."

"दुसऱ्यानं सांगितलेलं खोटं खरं मानून मरतात. स्वतः रचलेल्या खोट्यासाठी मार खात नाहीत. एखादा येडा खाईल. सगळे?"

"पप्पाही खरं मानूनच गेले."

माझा पाय रस्त्यातच थांबला. मी म्हणाले, "हो. म्हणून विचारायचं असतं. कोण सांगतोय, त्यानं पाहिलंय का, त्याला काय मिळतंय. विचारलं तर देव रागावत नाही. रागावतो तो तेलवाला. पप्पांनी विचारलं नाही." हे बोलताना मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला, आणि ते शेळीला ओढत येताना दिसले.

घराची कडी काढताना पोर म्हणाली, "तुझं मला पटतं. तू पाहिलेलं पुरतं सांगितलंस. त्या शिष्यांचं मी बघेन, वाचून." ईस्टरला येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी नगरच्या एसटीत बसताना पिशवीत माझा नवा करार घेऊन गेली. मी आपणहून दिला नव्हता, तिनं मागितला होता.

म्हणजे मी जिंकले, असं तुम्ही म्हणाल. आप्पा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. ख्रिस्त खरा आहे, हे मी गिरणीत सांगते, रस्त्यात सांगते, पोरीला सांगितलं, आणि त्यातला एक शब्दही मी माझ्या सोयीचा म्हणून सांगितला नाही. पण हे गेल्यापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. गुडघे टेकते, डोळे मिटते, आणि तोंडातून काही येत नाही. पोरीला वाटतं, आई प्रार्थना करते आहे.