जूनची बाटली

१२ जानेवारी १९९२

आजही सूक्ष्मदर्शकाशी मीच. ह्यांना उठवत नाही. पोटातल्या गाठीपुढे मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले. पण पलंगावरून मास्तरकी चालूच — "कुमुद, स्क्रू हळू फिरव. वडे तळत नाहीयेस."

जूनपासून दर महिन्याला उरणच्या खडकांवरून समुद्री स्पंज आणले, कुजू नयेत म्हणून फॉर्मलिनच्या बाटल्यांत ठेवले. आता त्यांच्या सांगाड्यातले चुन्याचे काटे मोजायचे. जूनचे सगळ्यांत बारीक, डिसेंबरचे जाड. पावसाळ्यात सांगाडा खंगतो, थंडीत भरतो! कॉलेजात जन्मभर दुसऱ्यांचंच शिकवलं, हे माझं, म्हणतात. एवढं छापून आलं की मी मोकळा.

मोकळा म्हणे. मी चहा ठेवायला उठले.

२० जानेवारी

हौसा कालवं घेऊन आली. ओहोटीला आम्हाला खडकावर न्यायची ती हीच. ह्यांच्याशी बराच वेळ बोलत बसली. मी आत गेले तर दोघंही गप्प. दुखण्याचंच असणार.

३ फेब्रुवारी

जूनची बाटली पुन्हा तपासली. काचेवर काही नाही. एक काटा नाही. गेल्या महिन्यात बारीक का होईना, होते की!

फॉर्मलिन आंबलंय. लिंबाच्या रसात अंड्याचं टरफल विरतं, तसे काटे विरले. म्हणजे ऋतूचा संबंधच नाही — जी बाटली जुनी, तिचे काटे बारीक. सगळं मुसळ केरात.

पलंगावरून विचारलं, "काय गं, जुळतंय ना?"

"अगदी तुम्ही म्हणता तस्सं," म्हटलं. इतकं सफाईदार खोटं मला येतं हे माहीत नव्हतं.

४ फेब्रुवारी

मोरीत नळ सोडून रडले.

१ मार्च

रोज मनचे आकडे वाचून दाखवते. हे डोळे मिटून ऐकतात. आज म्हणाले, "छान करतेस. काही झालं तरी सोडू नकोस." लाज वाटली. मरणाऱ्या माणसाला फसवतेय मी.

१९ मार्च

हे गेले. पहाटे.

२ एप्रिल

हौसा आली. टोपलीतून बाटल्या काढून ओळीने मांडल्या — जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ताजे स्पंज, फॉर्मलिन नाही, स्पिरिटमध्ये.

"कालवं आनलेली तवाच सायबांनी सांगलेलं, आकड्यांवरनं वळखलेलं त्यांनी. जुन्या बाटल्या बिघडल्यात, पन वैनीला आता बोलू नको, तिचा जीव रमलाय त्यात. मी नाय ऱ्हायलो की दे, म्हनाले."

चौथी बाटली रिकामी. वर ह्यांच्या अक्षरात — जून १९९२.