संघातली बारावी जागा

वालचंदनगर,
१९ ऑगस्ट १९९७

प्रिय योगिनी,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट आधी उलटंसुलटं करून पाहशील. जुलैतल्या त्या रविवारी मी भाचीला सोडायला इंदापूरच्या मैदानावर आले, असं तुला सांगितलं. ते खोटं होतं. मी तुला पकडायला आले होते.

'विद्यापीठाची माजी खेळाडू खेड्यातल्या मुलींना मोफत बास्केटबॉल शिकवते' असं छापून तुझा फोटो पेपरात आला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. फुकट बूट, फुकट डॉक्टर. हिला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं असणार. मी मुलींच्या आयांकडे आडून आडून चौकशी केली. त्यांतली कुशाबाई म्हणाली, बूट तू बँकेच्या पगारातून आणतेस आणि मैदानावर कुणाच्याच नावाचा बोर्ड लावू देत नाहीस. तरी माझा विश्वास बसेना. कारण खरा संशय तिकिटाचा नव्हताच, जुना होता.

बारामतीच्या कॉलेजात आपण दोघी बरोबरीच्या. तू लोणी भापकरहून यायचीस, मी पिंपळीहून. सरावाला सगळ्यांच्या आधी आपणच. विद्यापीठाच्या संघात अकरा मुली ठरल्या होत्या, एकच जागा उरली होती. यादी लागायच्या आदल्या दिवशी संघ निवडणाऱ्या सरांनी मला बोलावून घेतलं आणि तब्येत सांभाळ, यंदा नको, असं सांगितलं. बाकीच्या मुली यायच्या आधी मी सरावात दोनदा चक्कर येऊन पडले होते, हे फक्त तुला ठाऊक होतं. कुणाला सांगायचं नाही, अशी तुला मी शपथ घातली होती. यादीत तुझं नाव आलं. पुढं तू तीन वर्षं विद्यापीठाकडून खेळलीस, राज्याच्या शिबिरापर्यंत पोचलीस. तिथं तुझा गुडघा गेला, हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्या रविवारी डॉक्टरांनी छाती तपासल्याशिवाय तू एकाही मुलीला चेंडूला हात लावू देत नव्हतीस. एवढं कशासाठी, म्हणून मी खोचकपणे विचारलं. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "व्हय मने, मीच सांगितलं सरास्नी. तुझ्यासाठी सांगितलं का जागेसाठी, ते मला अजून उमगलं न्हाय." मग हाताला धरून मलाच डॉक्टरांसमोर बसवलंस. मला तोही तुझा डावच वाटला. त्यांनी पुण्याला जायची चिठ्ठी दिली, तेव्हासुद्धा.

काल पुण्याचे रिपोर्ट आले. हृदयाची एक झडप आखडली आहे, बहुधा लहानपणापासून. तेव्हा तशीच पळत राहिले असते तर जिवावर बेतलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. येत्या सोमवारी ऑपरेशनचं ठरायचं आहे. पहिली चक्कर कधी आली, किती वेळ शुद्ध नव्हती, हे त्यांना हवं आहे. मी काय सांगणार? घरात तर कुणाला माहीतच नाही. ते बघितलेलं माणूस एकच आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तरी सोमवारी माझ्याबरोबर पुण्याला ये आणि डॉक्टरांना सगळं सांग. या वेळी मी शेजारी बसलेली असेन.

तुझीच,
मनिषा