नातीच्या भाषेतलं उत्तर

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला निदान वाजावं लागत नाही.

आईचे गुडघे तसेच आहेत. माझी बातमी तुला थोरल्याकडून कळलीच असेल, की म्हातारा जपानी शिकतोय. दोन वर्षं झाली. छत्तीस वर्षं लेथवर पंपाचे शाफ्ट काढणारा माणूस आता किराणा दुकानाच्या माडीवरच्या क्लासात, विशीतल्या पोरांमध्ये मागच्या बाकावर बसतो. बाई माझ्या भाचीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय? पोरांनी नोकरी सांगितली. मी म्हणालो, घरी वेळ जात नाही. खोटं बोललो.

अक्षरं डोक्यात टिकत नाहीत रे. लिप्या तीन, त्यात तिसरीला अंतच नाही. पाठ व्हावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जपानी चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवडाभर आईने सोसलं, मग चहात मीठ पडलं. म्हणाली, तुम्ही खुशाल शिका, पण मीठ तेवढं मराठीत राहू द्या.

पहिल्या परीक्षेत नापास झालो, दुसरीतही. पुस्तकं माळ्यावर टाकली. दोन दिवसांनी दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून तिनेच ती खाली काढली आणि विचारलं, लेथवर पहिल्या वर्षी किती माल भंगारात घातला होतात? मी म्हटलं, पुष्कळ. मग हाही घाला, म्हणाली. तेव्हापासून रोज पाचच अक्षरं घेतो. सकाळी त्यातली तीन गेलेली असतात. परत घेतो.

आता खरं कारण. तू जपानहून एकटा परत आलास तेव्हा तुझी पोर चार वर्षांची होती. सूनबाईशी तुझं सगळं इंग्रजीत चालायचं, आणि पोर तिच्या आईच्या भाषेत बोलायला लागली तेव्हा तू म्हणायचास, शिकेन निवांत. दोष देत नाही. थोडा देतोही. पण मी तरी काय केलं? व्हिडिओवर ती काहीतरी सांगायची आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचो. एकदा तिने एकच वाक्य तीनदा सांगितलं, मग रडत उठून गेली. ती काय म्हणत होती, ते मला आजही ठाऊक नाही.

दीड महिन्यापूर्वी मी सूनबाईला पत्र लिहिलं. एका पानाला अकरा दिवस लागले. रविवारी दहा मिनिटं नातीशी बोलू द्या, एवढंच मागणं. बाईंनी चुका काढून दिल्या, विचारलं काही नाही.

उत्तर आलं. ते मी एकट्याने, शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचलं. त्या भाषेत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आणि नकारही. पोर मजेत आहे, शाळेत जाते. तुम्ही आमची भाषा शिकलात हे पाहून रडू आलं. तिची आणि तुमची गाठ घालून देणं मला... इथवर मी हसत होतो. पुढचा शब्द सापडला. जमणार नाही. सूनबाईने दुसरा संसार मांडलाय. पोर आता त्या माणसाला बाबा म्हणते. मोठी झाली की तिचं ती ठरवेल, तोवर तुमचा पत्ता जपून ठेवते, असं लिहिलंय.

माझंच वाचायला चुकलं असेल म्हणून बाईंकडे गेलो. दोन वर्षं सगळं बरोबर यावं म्हणून मी जीव आटवला, त्या दिवशी चूक निघावी म्हणून देवाला विनवलं. तिने दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, तुम्ही बरोबर वाचलंय, आजोबा. आईला अजून सांगितलेलं नाही. उत्तर आलं का विचारते, तेव्हा परदेशी टपालाला वेळ लागतो म्हणतो.

पोर आता सात वर्षांची आहे. मोठी व्हायला अजून अकरा-बारा वर्षं. मी सदुसष्टचा. ती येईल तेव्हा तिच्याशी बोलायला मी असेनच असं नाही, आणि तुला तर तिच्या भाषेत 'ये, बस' म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र. घरी ये. क्लासची लाज वाटत असेल तर मी शिकवतो, मला येतं तेवढं. सूनबाईला 'वाट पाहतो' असं उत्तर लिहायला घेतलंय. वरचं अर्धं पान माझं झालं. खालचं कोरं ठेवलंय. ते मी भरणार नाही.

तुझाच,
बाबा