फॉर्मवर पेन्सिलीने

अश्वजित,

तू उठशील तेव्हा मी चिखलीच्या बसमध्ये असेन. खुबा बदलून घ्यायचं नक्की केलं आहे. डॉक्टरही मीच ठरवला. तू सांगितलेला संभाजीनगरचा डॉक्टर हुशार असेल, पण तो सगळा वेळ एक्स-रेशीच बोलला.

(दूध उतू गेलं. ओटा पुसला आहे.)

चिखलीच्या डॉक्टरने आपल्या धम्मशीलाबाईचा खुबा बदलला. रविवारी विहारात वंदना सोडून मी तिची चालच बघत होते. ती म्हणाली, "अशी काऊन पाहून राह्यली व? नवी नवरी हाये का मी?" लंगडत नाही. खाली न बसता खुर्चीवर बसते, एवढंच.

मग मी त्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने आधी विचारलं, "मावशी, दीड महिना घरात सोबत कोण राहील?" हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी पटकन म्हणाले, "माहा पोरगा आहे ना."

आज फक्त रक्त तपासायचं आहे. फॉर्म उद्या द्यायचा, तो या चिठ्ठीखाली आहे. सोबतच्या माणसाच्या जागी तुझं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे. जमत नसेल तर पुसून ठेव, खोडरबर बाजूलाच आहे. तोंडाने सांगू नकोस.

आई