जिवाणूंचा पडदा आणि नान्नांचा लाल रंग

४ फेब्रु., मंगळ.
जमलं!! जिवाणूंच्या अंगावरून सोडवलेलं प्रोटीन पाण्यात घातलं होतं, वर थोडं कॅल्शियम. आज पुण्याहून मायक्रोस्कोपचे फोटो आले. एकसारख्या चौकोनी भोकांची जाळी, सलग. कोणी विणली नाही, आपली आपण जुळली. आजवर नुसत्या गुठळ्या. माझ्याबरोबर पीएच.डी. करणारी सलमा खुर्चीवरून उठलीच, "देख गे, जाली!"
गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करून दाखव."
दाखवते की.

६ फेब्रु.
पुन्हा जमलं. मॅडम हसल्या (!). गाळणकागदावर या जाळीचा पडदा बसवून पक्का केला. पाणी जातंय, फाटत नाही.
घरी सांगितलं. बाबा, आमचे नान्ना, जेवता जेवता, "जंतू मारायला लोक पाणी उकळतात, तू जंतूंनीच गाळणार व्हय?" म्हटलं, जंतू नाहीत हो, नुसता त्यांचा अंगरखा. पण नान्नांचं लक्ष नव्हतं. नंतर आईकडून कळलं, इथल्या भवानी पेठेतल्या आमच्या सूत रंगवायच्या डाईंगला नोटीस आलीय. रंगाचं पाणी नाल्यात सोडणं थांबवा, नाहीतर कुलूप.
मला सांगितलं नाही.

११ फेब्रु.
डाईंगमधलं टॉवेलच्या सुताचं लाल पाणी बाटलीत भरून नेलं. पडद्यावर ओतलं. खाली तितकंच लाल. पडदा शाबूत, रंग आरपार. भोकं इवली, रंगाचे कण त्याहून इवले.
सात रस्ता चौकात चहा. मग सलमा, "छेद छोटा नै होता तो रंग कू भगा ना."
भगा! या रंगावर ऋण भार असतो. पडद्यावरही ऋण भार चढवला तर ढकलून देईल की! चहा तसाच टाकून पळालो.

१५ फेब्रु.
भार चढवला. मॅडम स्वतः हातमोजे घालून शेजारी. खाली आलं ते फिकट गुलाबी. गुलाबी!! तिघी इतक्या ओरडलो की शेजारच्या लॅबमधले धावत आले, काय फुटलं म्हणून.
रंगवताना पाण्यात घातलेलं मीठ निघत नाही. त्याचं नंतर. आज गुलाबी.

१८ फेब्रु.
सगळं सामान रिक्षात घालून डाईंगवर. लाल पाणी गाळून दिलं. नान्नांनी ग्लास उजेडाकडे धरला.
"हे माझंच लाल?"
"तुमचंच."
ग्लास खाली ठेवला. मग, "काळा बघ. काळा कशातनंच निघत नाही."
पडद्याची नवी चकती बसवली. काळं पाणी त्यांनी स्वतः ओतलं. कामगार हातातलं सोडून उभे. स्टुलावर बसून हे लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. पंपावरचा दाबाचा काटा वर चढतोय, पण पडदा धरून आहे. पहिला थेंब पडला. एका थेंबावरून काय कळणार. दुसरा. मी ग्लास उचलायला गेले तर नान्नांनी हात धरला.
"थांब. भरू दे."